ठाणे-नवी मुंबईत मुलांसह बिऱ्हाड हलवताना: आधी शाळेतली जागा, मग घर

बदली झाल्याचं कळलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घर बघितलं का?" मुलं शाळेत जाणारी असतील तर उत्तर द्यावं, "आधी शाळा बघतोय." ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, भाड्याची घरं मिळतात. एजंटला सकाळी फोन केला तर संध्याकाळपर्यंत तो चार-पाच फ्लॅट दाखवतो. चौथीत जाणाऱ्या मुलीसाठी जवळच्या शाळेत एक जागा रिकामी आहे का, हे मात्र त्याला माहीत नसतं. टोकन देऊन झाल्यावर शाळा शोधायला निघालेल्या पालकांचं वरातीमागून घोडं होतं. जवळच्या शाळा 'वेटिंग लिस्ट' म्हणतात आणि जी हो म्हणते ती घोडबंदर रोडच्या दुसऱ्या टोकाला असते.

"चांगल्या शाळा कुठल्या भागात आहेत?" असं विचारलं तर ठाण्यातला प्रत्येक माणूस स्वतःच्या भागाचं नाव सांगेल, आणि तो खोटंही बोलत नसेल. म्हणून प्रश्न जरा अरुंद करून विचारायचा: माझ्या मुलाच्या इयत्तेत जागा असलेली, आम्हाला हव्या त्या बोर्डाची, सकाळी अर्ध्या तासात पोहोचता येईल अशी शाळा कुठे आहे? या प्रश्नाची उत्तरं दोन-तीनच येतात. घर त्यांच्या आसपास शोधायचं.

मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्यावरून सुरुवात

नर्सरी, ज्युनिअर केजी किंवा पहिली असेल तर तुम्ही नशीबवान आहात. शाळा मुलं घेतात ती याच टप्प्यावर, वर्गच्या वर्ग भरायचे असतात. पण नावाजलेल्या शाळांचे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. जूनमध्ये यायचं असेल तर ऑक्टोबरपासून शाळांच्या वेबसाइटवर नजर ठेवा. वयाचा हिशेब आधी करा. राज्याच्या नियमानुसार पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, नर्सरीसाठी तीन. केंद्रीय बोर्डांच्या काही शाळा वेगळी तारीख धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे पालक इथेच अडकतात, त्यामुळे तारीख शाळेकडून लेखी घ्या.

दुसरी ते आठवीचं गणित वेगळं. इथे जागा निघते ती कुणी शाळा सोडली तरच. कोण जातंय हे शाळेलाही मार्च-एप्रिलमध्ये निकाल लागून दाखले मागितले जाऊ लागल्यावर कळतं. जानेवारीत 'जागा नाही' म्हणणारी शाळा एप्रिलच्या शेवटी फोन करू शकते. म्हणून जानेवारीत नाव नोंदवून ठेवायचं, मार्चअखेर आणि पुन्हा मेच्या पहिल्या आठवड्यात आठवण करायची. ऑफिसात बसलेल्या क्लार्क मॅडमशी नीट बोला. यादी त्यांच्याच वहीत असते.

नववी-दहावीला सीबीएसई ही दोन वर्षं जोडून धरते. बोर्डाच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या मोजक्या कारणांसाठी, तोही बोर्डाच्या परवानगीने मिळतो. मूल आठवीत असेल आणि बदली वर्षभर मागेपुढे होण्यासारखी असेल तर नववी सुरू होण्याआधी या. मूल दहावीत असेल तर कुटुंबातल्या एकाने वर्षभर मागे राहणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. सोपं नसतं, पण दहावीच्या मध्यावर बोर्ड बदलण्यापेक्षा सोपं.

बंगळुरू, बडोदा, इंदूरकडून परत येणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली आहे का, हे बघितलं जातं. अपवाद आहेत, विशेषतः सरकारी नोकरीतल्या बदल्यांसाठी. सीईटी सेलची (राज्यात हे प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाची) माहितीपुस्तिका आत्ताच एकदा चाळा, बारावीत नको. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, म्हणजे तिथे घराच्या पत्त्यापेक्षा दहावीचे गुण आणि रेल्वे स्टेशनचं अंतर महत्त्वाचं.

बोर्ड आणि माध्यम

यावर घराघरांत भांडणं होतात, म्हणून माझं मत सरळ सांगतो. दर तीन वर्षांनी राज्याबाहेर बदली होणारी नोकरी असेल तर सीबीएसई. देशभर कुठेही पुढचा वर्ग पकडता येतो. आता मुंबईच्या पट्ट्यातच राहायचं ठरलं असेल तर राज्य मंडळाला नाक मुरडायचं काही कारण नाही. ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्हे मुंबई विभागीय मंडळात येतात आणि मंडळाचं कार्यालयही वाशीत आहे. आयसीएसईत इंग्रजीचं वाचन-लेखन भरपूर असतं. ज्या मुलाला वाचायची गोडी आहे त्याला ते मानवतं, बाकीच्यांची दमछाक होते. आयबी, केंब्रिज ही आंतरराष्ट्रीय बोर्डं परवडत असतील आणि पुढे परदेशी पाठवायचं नक्की असेल तरच.

मराठी माध्यमाचा पर्याय यादीतून परस्पर खोडू नका. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडी भागात विद्या प्रसारक मंडळाचं डॉ. बेडेकर विद्या मंदिर, सरस्वती सेकंडरी स्कूल यांसारख्या जुन्या, नाव राखून असलेल्या शाळा आहेत. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. घरात मराठी बोललं जात असेल तर पाचवी-सहावीपर्यंत मुलाला शिकवणी लावायची वेळ सहसा येत नाही, आणि हा खर्च पालक फीशी तुलना करताना हिशेबात धरतच नाहीत.

महाराष्ट्राबाहेरून येणाऱ्या मुलांसाठी: २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे आणि २०२०-२१ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झालं. कानडी किंवा गुजराती लिपीत शिकलेलं पोर सहावीत येऊन बसलं तर पहिली सहामाही जड जाते. बालभारतीची दुसरी-तिसरीची पुस्तकं सुट्टीतच आणून आजी-आजोबांच्या हवाली करा.

ठाण्याचा नकाशा

ठाण्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजलं की फसगत होते. अंतर मोजायचं ते तीन हात नाका, कापूरबावडी आणि माजिवडा या गर्दीच्या चौकांच्या अलीकडे की पलीकडे, या हिशेबाने.

नौपाडा, पाचपाखाडी, चरई, राम मारुती रोड हे जुनं ठाणं. शाळा दाटीवाटीने, मुलं चालत जातात, स्टेशन हाकेच्या अंतरावर. इमारती जुन्या, पार्किंगची बोंब, आणि निम्म्या सोसायट्यांत पुनर्विकासाच्या बैठका चालू. इथे भाड्याने घर घेताना सोसायटीच्या सेक्रेटरींना थेट विचारा, "बिल्डरबरोबर करार झालाय का?" मालक हे आपणहून सांगेलच असं नाही. शाळा मिळाली आणि आठव्या महिन्यात बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली, तर सगळी मेहनत पाण्यात. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) जुन्या इमारतींबाबतही हाच प्रश्न विचारायचा.

पोखरण रोड, वर्तकनगर, वसंत विहार, उपवनचा पट्टा आयसीएसईवाल्यांचा. सुलोचनादेवी सिंघानिया शाळा आणि वसंत विहार हायस्कूल इथेच. सिंघानियामध्ये मधल्या इयत्तेत जागा निघेल या आशेवर घराचा करार करू नये, एवढं सांगतो. जागा हातात आली तर मग पोखरण रोडवरच घर बघा. भाडं जास्त असलं तरी मूल अडीच वाजता घरी जेवायला असतं.

घोडबंदर रोडवर मोठे गृहप्रकल्प, त्यांच्या मागोमाग आलेल्या नव्या शाळा, आणि वाहतूक. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी ही माळ गायमुखपर्यंत जाते. पातलीपाड्याला हिरानंदानी फाउंडेशन शाळा आहे, सीबीएसईचेही बरेच पर्याय आहेत. इथे 'रस्त्याच्या कुठल्या बाजूला?' हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा. समजा घर वाघबीळला आहे आणि शाळा तिथूनच समोर दिसते, पण महामार्गाच्या पलीकडे. नकाशावर आठशे मीटर. प्रत्यक्षात बसला पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून यावं लागतं, त्यात ट्रकची रांग असली की पंधरा मिनिटं गेली. चालत न्यायचं तर सात वर्षांच्या पोराचा हात धरून तो रस्ता ओलांडायचा कुणाचा जीव होतो? शाळा आणि घर रस्त्याच्या एकाच बाजूला असेल तर ओवळ्यालाही सुखाने राहता येतं. बाजू वेगळ्या असतील तर मानपाडाही लांब.

कोलशेत, बाळकुम, ढोकाळी या भागांत घरं नवी, मोकळी हवा, पण बऱ्याच शाळांसाठी कापूरबावडीचा नाका ओलांडावाच लागतो. कळवा आणि कोपरी पूर्व खिशाला परवडतात. कळव्याचं बरंचसं ठाण्यापेक्षा ऐरोलीकडे ओढलेलं आहे, फक्त विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं, हे धरून चाला.

नवी मुंबईचा नकाशा

१९७० मध्ये सिडको आली आणि शहर नोडमध्ये, म्हणजे स्वतंत्र उपनगरांत, आखलं गेलं: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, आणि पुढे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल. प्रत्येक नोडमध्ये शाळांसाठी भूखंड राखलेले. त्यामुळे इथे आपल्याच नोडमध्ये शाळा मिळण्याची शक्यता ठाण्यापेक्षा बरी आणि मुलं सायकलने जाऊ शकतील असे आतले रस्ते अजून आहेत. माझा कौल विचाराल तर लहान मुलांचं कुटुंब असेल आणि ऑफिस हार्बर किंवा ट्रान्सहार्बर रेल्वेमार्गावर असेल तर नेरूळ-सीवूड्सच्या पुढे फार शोधू नये.

वाशीला फादर ॲग्नेल, नेरूळ-सीवूड्स पट्ट्यात डीपीएस, एपीजे, डीएव्ही. डीएव्हीच्या शाळा ऐरोली, खारघर, नवीन पनवेललाही आहेत. मूल आधीच कुठल्याशा शहरात डीएव्हीत असेल तर सर्वांत आधी तिथे विचारा, बदलीवर येणाऱ्या मुलांबाबत अशा साखळी शाळा थोड्या मोकळ्या असतात. खारघरमध्ये बाल भारती पब्लिक स्कूल, एपीजे अशी सीबीएसईची रांगच आहे. महापालिकेच्या शाळांकडेही बघा. नवी मुंबई महापालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरणेला सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आहेत.

इथेही आडव्या येणाऱ्या रेषा आहेत. रेल्वेमार्ग नोडचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करतो. सायन-पनवेल महामार्गाच्या एका अंगाला खारघर, दुसऱ्या अंगाला कामोठे. 'कामोठ्यात राहू, खारघरला शाळा' हे बोलायला सोपं. खारघर स्वतःही लांबलचक आहे. स्टेशनजवळचे सेक्टर आणि तळोज्याच्या बाजूचे सेक्टर यांत बरंच अंतर पडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून आतल्या सेक्टरांतून मोठ्या मुलांना ये-जा करणं सुकर झालंय. उलव्यात घरं नवी आणि २०२४ मध्ये मुंबईला जोडणारा अटल सेतू हा सागरी पूल सुरू झाल्यापासून मागणी वाढलेली. ऑफिस दक्षिण मुंबईत असेल तर मोह होतो, पण तिथे जाण्याआधी मुलाच्या पुढच्या पाच इयत्तांची सोय तिथेच आहे का, ते बघा.

सरकारी कामासाठी एक रेघ डोक्यात पक्की ठेवा. ऐरोली ते बेलापूर ही नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही २०१६ साली झालेली पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा. उलवे-द्रोणागिरी रायगडातच, पण पनवेल महापालिकेच्या बाहेर. एखाद्या शाळेची तक्रार, आरटीईचा (शिक्षणहक्क कायद्याखालच्या राखीव जागांचा) अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांची सही, सगळं या रेघेवर ठरतं. बेलापुरात राहणाऱ्याचं काम ठाण्याकडे आणि मेट्रोने काही स्टेशनांवर असलेल्या खारघरवाल्याचं अलिबागकडे जातं.

आरटीईवाल्यांसाठी क्रम उलटा

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना यातून वगळायचा प्रयत्न केला होता, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरवला. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकातल्या कुटुंबांना ही मर्यादा नाही, आणि हे न कळल्याने कितीतरी जण अर्जच भरत नाहीत.

सोडतीत घरापासूनचं अंतर धरतात, आधी एक किलोमीटर, मग तीन. म्हणजे या कुटुंबांनी आधी घर घ्यायचं, शाळांचा घोळका असलेल्या जागी, आणि भाडेकरार अर्जाच्या तारखेआधी नोंदवून घ्यायचा. नोटरी केलेला करार इथे चालत नाही. अर्जात नकाशावर घराची खूण टाकताना गल्ली चुकली तरी पडताळणीत प्रवेश जाऊ शकतो, तेव्हा खूण टाकून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून एकदा बघून घ्या.

शाळेचे कागद

अनधिकृत शाळांच्या याद्या महापालिका आणि जिल्हा परिषदा नवं वर्ष सुरू होण्याच्या सुमारास जाहीर करतात. ठाण्याच्या यादीत दिवा भागातली नावं बरीच असतात. यादी बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. तो मागा आणि यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर टाकून शाळेचं नाव-पत्ता जुळतो का ते ताडून बघा.

सीबीएसईबाबत 'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द फलकावर दिसले की सावध व्हायचं. संलग्नता आहे की नाही, हे बोर्डाच्या 'सारस' पोर्टलवर कळतं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचा संलग्नता क्रमांक ११३ ने सुरू होतो. तिथे दोन गोष्टी वाचा: संलग्नता कुठल्या इयत्तेपर्यंत आणि कुठल्या वर्षापर्यंत. आठवीपर्यंतचीच संलग्नता असलेली शाळा 'पुढची प्रोसेसमध्ये आहे' असं सांगते. प्रोसेस पूर्ण झाली नाही तर नववीत तुमच्या मुलाचं नाव दुसऱ्याच शाळेच्या पटावर चढतं.

फीबाबत कायदा पालकांच्या समजुतीपेक्षा बराच स्पष्ट आहे. डोनेशन १९८७ पासून महाराष्ट्रात बेकायदा आहे, आणि शिक्षणहक्क कायद्यात त्याला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी दोन वर्षं कायम राहते. म्हणून ऑफिसात विचारायचं ते असं: "मंजूर फीचा तक्ता दाखवा, आणि हे दुसरं वर्ष आहे की पहिलं?" दुसरं वर्ष असेल तर पुढच्या जूनमध्ये वाढ येणार. बस, पुस्तकं, गणवेश, सहल यांचा वेगळा आकडा त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या. फी म्हणून सांगतात त्या रकमेत सहसा यातलं काही नसतं.

शाळा बघायला जाताना

प्रवेशाच्या 'ओपन डे'ला शाळा नवरदेवासारखी नटलेली असते. त्या दिवशी जा, ऑफिसची कामं उरका, आणि मग एखाद्या साध्या मंगळवारी शाळा सुटताना फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. पाऊस असेल तर उत्तमच.

तिथे काय बघायचं? बस आत येतात की रस्त्यावरच उभ्या राहून मुलं चढवतात. पिवळ्या बसमध्ये मावशी आहेत का. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार बसमध्ये महिला मदतनीस आणि शाळेत परिवहन समिती असायलाच हवी. सुटल्यावर पोरं शिक्षकांशी बोलताना दिसतात की मान खाली घालून बाहेर पडतात. फाटकासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात वही घेता घेता विचारा, "प्रोजेक्टचं सामान फार लागतं का हो?" तो दुकानदार शाळेच्या अभ्यासक्रमाबद्दल माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतो. रिक्षावाले काका तर कुठल्या बाई सोडून गेल्या हेसुद्धा सांगतात.

आत गेल्यावर संगणक कक्ष ते दाखवतीलच. तुम्ही तिसरीच्या वर्गातली कुठलीही एक वही बघायला मागा. तपासलेल्या पानांवर नुसती लाल बरोबरची खूण आणि सही आहे, की चुकलेला शब्द गोल करून शेजारी नीट लिहून दिलाय? आणि त्याच्या पुढच्या पानावर तो शब्द मुलाने परत लिहिलाय का? ही दोन पानं बघितली की त्या वर्गात शिकवलं जातं का, हे कळतं. मग स्वच्छतागृह बघा. मधल्या सुट्टीनंतर.

मुख्याध्यापकांना मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो. एका तुकडीत किती मुलं आहेत? सीबीएसईचा सर्वसाधारण दंडक चाळीसचा आहे आणि शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक धरतो. दुसरा, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? या प्रश्नावर विषय बदलला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेणं कायद्याने मना आहे. 'इंटरॅक्शन' या नावाखाली जे चालतं ते किती खोलात जातं, यावरून शाळेचा स्वभाव ओळखता येतो.

सकाळचं गणित

शाळेची वेळ आणि बसची वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा सात दहाची, बस सहा पंचवीसला, म्हणजे मूल साडेपाचला उठणार आणि रात्री नऊला झोपायला हवं. घरचे ऑफिसातून किती वाजता येतात ते आठवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, पण जागेअभावी दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना तो जमवणं अवघड गेलं. तेव्हा वेळ कागदावर बघून घ्या.

दोन मुलं असतील तर ती एकाच सत्रात येतात का? मोठी सकाळच्या सत्रात, धाकटा दुपारच्या, असं झालं की घरातलं एक माणूस दिवसभर फाटकावरच. शाळा उत्तम असूनही याच कारणासाठी मी काहींना ती सोडायला सांगितली आहे.

गूगल मॅपवर निघायची वेळ सकाळी साडेसहा टाकून बघा, पण भरवसा दुपारी सुटतानाच्या वेळेवर ठेवा, कारण गर्दी तेव्हा असते. बस पहिल्या थांब्यावर मूल घेत असेल तर ते सर्वांत जास्त वेळ बसमध्ये बसतं. आपला थांबा कितवा, हे ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा.

घराचा करार

शाळेचा प्रवेश निश्चित झाला, पावती हातात आली, की मग एजंटला फोन. लिव्ह अँड लायसन्स साधारण अकरा महिन्यांचा करतात. शाळेसाठी घर घेताय तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा मागा, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या. लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) दोघांनाही सारखा असावा. मालक मध्येच घर विकायला काढणार नाही, एवढं तरी त्याच्याकडून वदवून घ्या. करार नोंदणीकृतच करा. कायद्याने तो लागतोच, शिवाय शाळेत, गॅसला, आधारच्या पत्त्याला तोच कागद चालतो. घर विकत घ्यायचं असेल तर वर्षभर भाड्याने राहून मग घ्या. शाळा मुलाला मानवली नाही तर घर विकून निघता येत नाही.

दाखला

जुन्या शाळेतून 'शाळा सोडल्याचा दाखला' घेताना तो तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, जन्मस्थळ, जात आणि पोटजात. जातीचा रकाना महाराष्ट्रात पुढे जात पडताळणीला पुरावा म्हणून बघितला जातो. एक काना-मात्रा चुकली तर वीस वर्षांनी त्रास देते. मूल पटावर असेपर्यंत जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती तुलनेने सोपी. नाव कमी झालं की शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचं प्रकरण होऊन बसतं. म्हणून दाखला मागण्याच्या महिनाभर आधी रजिस्टरचा उतारा मागून घ्या.

राज्याबाहेरून किंवा दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी का, हे नव्या शाळेला आधीच विचारा. एकदा सामान ट्रकवर चढलं की त्या सहीसाठी परत जाणं जिवावर येतं. दाखला यायला उशीर होत असेल तर घाबरू नका. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळा त्या कारणासाठी प्रवेश अडवू शकत नाहीत. खासगी शाळेकडून मात्र मुदत लेखी मागून घ्या.

कागदी दाखला मिळाला तरी काम संपत नाही. राज्यातल्या राज्यात बदली असेल तर नवी शाळा सरकारी पोर्टलवर विनंती टाकते आणि जुन्या शाळेला ती मान्य करावी लागते. परराज्यातून येणाऱ्याचं नाव यूडायस प्लसवर जुन्या शाळेने मोकळं करावं लागतं. जुन्या शाळेतल्या ज्या कुणाकडे हे काम आहे त्यांचा मोबाइल नंबर निघण्याआधी घेऊन ठेवा, मुलाचा पेन क्रमांक (कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) आणि विद्यार्थी आयडी एका कागदावर लिहून घ्या. मेच्या सुट्टीत शाळेचा फोन कुणी उचलत नाही.